शेराची सवय आणि किलोचा संशय

आपला प्रश्न असा आहे की, मेट्रिक पद्धत इतकी सोपी आणि सुसंगत असूनही ब्रिटन, अमेरिका यांसारख्या सुशिक्षित देशांतील लोकांनी तिला विरोध केला, आणि बहुसंख्य लोक निरक्षर असलेल्या भारतात मात्र ती पाच-सहा वर्षांत रुजली, हे कसे घडले? आपले लोक सरकारचे निमूटपणे ऐकणारे म्हणून, की विरोध करण्याइतके त्यांना समजलेच नाही म्हणून? वजने-मापे तपासणाऱ्या सरकारी खात्यात, म्हणजे आज ज्याला वैधमापनशास्त्र म्हणतात त्या कामात, निरीक्षक म्हणून माझी सारी नोकरी गेली. शेर जाऊन किलो आला तो काळ मी नोकरीत असताना पाहिलेला नाही; पण ज्यांनी तो बदल राबवला त्यांच्या हाताखाली मी काम शिकलो, आणि त्या बदलाचे शेपूट आठवडे बाजारात वळवळताना नंतरही अनेक वर्षे पाहिले. त्या अनुभवावरून सांगतो की, आपण सुचवलेली दोन्ही कारणे मला पटत नाहीत.

मुळात खरा प्रश्न ‘मीटर सोपा की फूट सोपा’ हा नाही. सामान्य माणूस मापाकडे शास्त्र म्हणून पाहत नाही. समोरचा आपल्याला फसवत तर नाही ना, हे दुकानातल्या दुकानात ओळखण्याचे ते एक साधन असते, आणि ते साधन वर्षानुवर्षांच्या सवयीने त्याच्या हातात, डोळ्यांत आणि तोंडपाठ हिशेबात मुरलेले असते. माप बदलले की धान्य तेवढेच राहते, पैसाही तेवढाच राहतो, पण फसवणूक ओळखण्याची ताकद मात्र एका दिवसात निघून जाते. लोक ज्याला विरोध करतात ते हे नुकसान असते. ते किती मोठे आहे, आणि ते सोसायला लावणाऱ्यावर लोकांचा किती विश्वास आहे, या दोन गोष्टींवर विरोधाची तीव्रता ठरते, असे माझे मत आहे.

आपल्याकडचेच उदाहरण घेऊ. निळवे, कोळवे, चिपटे, मापटे, शेर, अधोली, पायली ही धान्याची मापे पाहिली तर प्रत्येक पुढचे माप मागच्याच्या दुप्पट आहे. अर्धे करणे आणि दुप्पट करणे यासाठी लिहिता-वाचता यावे लागत नाही. ढिगाचे दोन सारखे भाग डोळ्यांनीही करता येतात. त्यावर रचलेले पाढे, म्हणजे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी, हे शाळेत घोकून घेतले जात, आणि शाळेचे तोंड न पाहिलेल्या बायाबापड्यांना ते ऐकून पाठ असत. शिवाय बाजाराचे ठोकताळे होते. मणाचे शेर चाळीस आणि रुपयाचे आणे सोळा, म्हणून जितक्या रुपयांना मण, तितक्याच आण्यांना अडीच शेर. गहू वीस रुपये मण असेल तर अडीच शेरांना वीस आणे, म्हणजे सव्वा रुपया. कागद नको की पेन्सिल नको. हा हिशेब दुकानदाराला जितक्या झटपट येई तितक्याच झटपट गिऱ्हाइकालाही येई.

आता १ एप्रिल १९५७ रोजी काय झाले ते पाहा. रुपयाचे १६ आणे गेले आणि १०० नये पैसे आले. शेर मात्र अजून शेरच होता, कारण मेट्रिक वजने १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आणली गेली आणि १ एप्रिल १९६२ पासून सक्तीची झाली. म्हणजे ठोकताळ्याचे एक चाक आधी निखळले आणि दुसरे नंतर. एका आण्याचे बरोबर सव्वासहा नये पैसे होतात, पण सव्वासहाचे नाणे नसल्यामुळे रूपांतराच्या तक्त्यात एक आण्याचे सहा, दोनचे बारा, तीनचे एकोणीस आणि चारचे पंचवीस असे धरले गेले. चार आणे एकदम मोजणाऱ्याचा हिशेब चोख बसे. पण तेच चार आणे चार वेळा एकेक करून मोडणाऱ्याच्या हाती चोवीसच नये पैसे येत. थोडे थोडे घेणारा, थोडे थोडे मोडणारा माणूस बहुधा गरीब असतो. फरक एका पैशाचा आहे, हे खरे. पण तो कोणाच्या खिशातून जातो हे गिऱ्हाइकाला बरोबर कळते.

वजनाचे त्याहून अवघड होते. १९३९ च्या कायद्याने ठरवलेला ऐंशी तोळ्यांचा प्रमाण शेर म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. किलो त्याहून सुमारे सात टक्क्यांनी मोठा. सात टक्के हा मोठा फसवा आकडा आहे, कारण तो हाताला जाणवत नाही आणि हिशेबात मात्र भरपूर होतो. रुपयाला शेर असलेली वस्तू रुपया सात पैसे किलो झाली तर भाव तोच राहतो. दुकानदाराने ती रुपया बारा पैसे केली तर वरचे पाच पैसे कोणत्या कारणाने वाढले हे सांगायला कोणीच बांधील नसते. आमच्या वरिष्ठांकडून एक प्रकार ऐकलेला आहे. काही व्यापारी दोन्ही वजने बाळगत. शेतकऱ्याकडून माल घेताना किलोने घ्यायचा आणि भाव शेराचा लावायचा. गिऱ्हाइकाला देताना शेराने द्यायचा आणि भाव किलोचा सांगायचा. ‘मापात पाप’ म्हणतात ते हेच, आणि यात वजन घासलेले नसते, काटाही मारलेला नसतो. दोन्ही वजने आपापल्या जागी अगदी खरी असतात.

मग भारतात बंड का झाले नाही? माझ्या मते सर्वांत मोठे कारण हे की, आपल्याकडे लोकांच्या विश्वासाला पात्र असे एकच जुने माप नव्हते. कच्चा शेर वेगळा, पक्का शेर वेगळा. वजनाचा शेर आणि मापाचा शेर वेगळा. कुठे बारा पायल्यांचा मण तर कुठे सोळा पायल्यांचा. आपल्या गावच्या पायलीने मोजून नेलेले धान्य बाजारपेठेच्या गावी कमी भरते, हा अनुभव शेतकऱ्याच्या घरात पिढ्यानपिढ्या होता. किलोने त्याचा ओळखीचा शेर घेतला हे खरे, पण परगावचे अनोळखी आणि संशयास्पद असे दहा शेरही घेतले. दुसरे कारण काळाचे. स्वातंत्र्य नुकतेच मिळाले होते, संस्थाने विलीन झाली होती, आणि सारा देश एका मापात मोजायचा हा विचार त्या वेळी परका वाटत नव्हता. तिसरे कारण आमच्या खात्याच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे, ते म्हणजे १९५६ च्या कायद्याने बदल ऐच्छिक ठेवला नाही. ठरलेल्या भागात, ठरलेल्या मुदतीनंतर जुने वजन बाळगणे हाच गुन्हा झाला. शेजारचा दुकानदार जुन्याच वजनावर गिऱ्हाईक ओढून नेईल, ही भीती त्यामुळे उरली नाही.

विरोध झालाच नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. तो मोर्च्याने झाला नाही, चुकवण्याने झाला. निरीक्षक येताना दिसला की जुनी वजने पोत्याखाली जात, आणि तो गेला की पुन्हा पारड्यात येत.

ब्रिटनची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. तेथील पौंड हे वजन शतकानुशतके कायद्याने बांधलेले होते, सर्वत्र एकच होते, आणि त्यावर गिऱ्हाइकाचा विश्वास होता. जुनी पद्धत जितकी चांगली चाललेली असते तितका ती सोडण्याला विरोध अधिक होतो, हे वरवर विचित्र वाटले तरी समजण्यासारखे आहे. ज्याचे साधन धारदार आहे तोच ते हातातून सोडत नाही. त्यात सरकारने १९६५ साली बदल जाहीर केला तो उद्योगांच्या मर्जीवर सोडून. याचा परिणाम पाहायचा असेल तर तेथील गालिच्यांच्या दुकानदारांचे उदाहरण पाहावे. त्यांनी १९७५ च्या सुमारास चौरस मीटरने विक्री सुरू केली आणि दोन वर्षांतच ते चौरस यार्डाकडे परतले. चौरस मीटर हा चौरस यार्डापेक्षा सुमारे वीस टक्क्यांनी मोठा असल्यामुळे त्याचा भावही तेवढाच मोठा दिसतो. शेजारच्या दुकानाच्या पाटीवर यार्डाचा भाव असेल तर मीटरची पाटी लावणारा प्रामाणिक दुकानदार महागडा ठरतो. या प्रसंगात कोणाचीही मेट्रिकशी वैचारिक भांडणे नव्हती. नियम सर्वांना एकाच दिवशी लागू नसल्यामुळे जो आधी बदलला तो बुडाला, एवढेच.

सुट्या मालाला मेट्रिक वजन सक्तीचे झाले ते थेट १ जानेवारी २००० पासून, आणि ते युरोपीय संघाच्या निर्देशांच्या पार्श्वभूमीवर. त्याच वर्षी संडरलँड येथील स्टीव्हन थोबर्न या फळ-भाजीविक्रेत्याचे केवळ पौंड दाखवणारे काटे जप्त झाले, २००१ साली त्याला दोषी ठरवले गेले आणि २००२ साली त्याचे अपील फेटाळले गेले. एक निरीक्षक म्हणून मला या खटल्यात एक गोष्ट खटकते. गिऱ्हाइकाला कमी माल दिल्याचा आरोप त्याच्यावर नव्हता. आरोप होता तो अमान्य काटा वापरल्याचा. कायद्याच्या दृष्टीने कारवाई योग्यच होती, कारण किलोच्या भावाशेजारी पौंडाचा भाव लिहिण्याची मुभा त्याला होतीच. पण केळी विकणारा माणूस कोर्टात उभा राहिलेला दिसला की लोकांच्या मनात प्रश्न मापाचा राहत नाही, तो ‘आमच्यावर हुकूम कोणाचा’ असा होतो. आमच्या कामात हे नेहमी लक्षात ठेवावे लागते की, वजन जप्त करताना आपण केवळ लोखंड उचलत नसतो.

या हुकुमाच्या प्रश्नाचे सर्वांत भडक रूप ब्राझीलमध्ये दिसले. तेथे १८६२ च्या कायद्याने मेट्रिक पद्धत स्वीकारली गेली आणि बदलासाठी दहा वर्षांची मुदत दिली गेली. १८७४ च्या अखेरीस ईशान्येकडील पाराईबा प्रांतात बाजाराच्या दिवशी लोकांनी नवी वजने-मापे फोडायला सुरुवात केली, आणि पाहता पाहता हे लोण पेर्नांबुको, आलागोआस, रिओ ग्रांदे दो नॉर्ते येथे पसरले. या बंडाला ‘केब्रा-किलोस’, म्हणजे ‘किलोफोडे’, असे नाव पडले. पण त्यांनी फक्त किलो फोडले असते तर त्याला मापविरोधी बंड म्हणता आले असते. त्यांनी सरकारी कचेऱ्यांतील कागदपत्रेही जाळली. ऊस आणि कापूस यांचे भाव पडले होते, बाजारात बसण्यावर कर होते, नव्या मापांच्या वापराचे आणि तपासणीचे पैसे द्यावे लागत होते, आणि त्याच वर्षी सैन्यभरतीचा नवा कायदा आला होता. किलो हा या सगळ्यांपैकी हातात धरून दगडावर आपटता येईल असा एकमेव पदार्थ होता. मापाचा तिरस्कार आणि माप आणणाऱ्याचा तिरस्कार यांत फरक करायचा असेल, तर लोकांनी वजनांबरोबर आणखी काय फोडले किंवा जाळले हे आधी पाहावे.

फ्रान्सचे उदाहरण मी मुद्दाम ब्राझीलनंतर ठेवले, कारण मीटर जन्मला तेथे आणि तरीही त्याला पाय रोवायला पंचेचाळीस वर्षे लागली. क्रांतीपूर्वी तेथील शेतकऱ्यांची तक्रारच मापाविषयी होती. जमीनदार आपला खंड मोठ्या मापाने घेतो, शीग लावून घेतो, आणि देताना मात्र सपाट माप देतो, हे दुःख आपल्याकडील कुळांनाही नवे नव्हते. एकच माप असावे ही मागणी लोकांची होती. पण ७ एप्रिल १७९५ च्या कायद्याने त्यांना मिळाले ते अनोळखी नावांचे, दहाच्या पटीतले, अर्धे-पाव न ओळखणारे माप. नेपोलियनच्या सरकारने १८१२ साली तडजोड केली. जुनी नावे परत आणली, पण आत नवे प्रमाण भरले, म्हणजे ‘लिव्र’ या जुन्या वजनाला नेमके ५०० ग्रॅम ठरवले आणि ‘त्वाझ’ या लांबीच्या मापाला दोन मीटर. शेवटी १८३७ च्या कायद्याने ही मधली सोय रद्द होऊन १ जानेवारी १८४० पासून शुद्ध मेट्रिक सक्तीचे झाले.

ही नेपोलियनी युक्ती आपल्याकडे कोणी हुकूम न काढता झाली आहे. भाजीवालीकडे आपण पावशेर मिरच्या मागतो आणि ती २५० ग्रॅमचे वजन टाकते. खरा पावशेर २३३ ग्रॅमचा होता, हे दोघींनाही ठाऊक नसते आणि त्याने कोणाचे बिघडत नाही. सराफाच्या दुकानातील ‘तोळा’ आता दहा ग्रॅमचा समजला जातो, आणि जुना तोळा होता ११.६६ ग्रॅमचा. आजीच्या पाटल्या चार तोळ्यांच्या होत्या असे घरात सांगितले जाते आणि विकताना त्या साडेचार तोळ्यांहून अधिक भरतात, तेव्हा सोने वाढलेले नसते, तोळा लहान झालेला असतो. उलट, जुन्या चिठ्ठीवरचे तोळे आजचे समजून कोणी घरातल्या घरात वाटणी केली, तर कोणाच्या तरी पदरात कमी पडते.

अमेरिकेविषयी थोडक्यात सांगतो, कारण तिथे सांगण्यासारखा संघर्षच फारसा झाला नाही. १८६६ सालापासून तेथे मेट्रिक वापरणे कायदेशीर आहे, १८७५ च्या मीटर करारावर त्या देशाची सही आहे, आणि १९५९ पासून त्यांचा इंचही २५.४ मिलिमीटर अशीच व्याख्या घेऊन बसलेला आहे. १९७५ च्या कायद्याने बदलासाठी मंडळ नेमले, पण बदल ऐच्छिक ठेवला, आणि १९८२ साली ते मंडळच बंद झाले. ज्या बदलाचा खर्च आज होतो आणि फायदा पुढच्या पिढीला मिळतो, तो ऐच्छिक ठेवला की प्रत्येक जण दुसऱ्याने आधी सुरुवात करावी म्हणून थांबतो. ऑस्ट्रेलियाने याच काळात रस्त्यांवरील पाट्या जुलै १९७४ मध्ये, सुमारे महिन्याभरात, देशभर बदलून टाकल्या. माझ्या मते जुनी आणि नवी पद्धत वर्षानुवर्षे शेजारी शेजारी चालू ठेवणे हा लोकांवरचा उपकार नसून शिक्षा आहे, कारण त्या काळात दोन्हींपैकी एकही डोक्यात धड बसत नाही.

अर्थात सक्ती हे सर्व ठिकाणचे औषध नाही, आणि ते सांगितले नाही तर माझे उत्तर अर्धवट राहील. सक्ती चालते ती सरकारवर किमान विश्वास असेल तिथे, नवी वजने परवडणाऱ्या किमतीत आणि वेळेवर मिळत असतील तिथे, आणि तपासणारा माणूस केवळ दंडाची पावती घेऊन न येता खरे वजन घेऊन येत असेल तिथे. माझ्या नोकरीत याचाच छोटा प्रयोग इलेक्ट्रॉनिक काट्यांच्या वेळी पाहायला मिळाला. मेट्रिकचा तेव्हा प्रश्नच नव्हता, किलो तोच होता. तरीही सुरुवातीला आठवडे बाजारात गिऱ्हाइके त्या काट्याकडे संशयाने पाहत. तराजूची दांडी सरळ झाली की नाही हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसत असे, पारड्यात पासंग लावला असेल तर तोही दिसत असे. लाल आकड्यांच्या डबीत मात्र काय चालले आहे ते कळायला मार्ग नव्हता. मी सांगून पाहिले, पत्रके वाटून पाहिली, उपयोग शून्य. मग एके दिवशी तपासणीचे एक किलोचे वजन मी स्वतः न ठेवता रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईंच्या हातात दिले आणि त्यांनाच ते काट्यावर ठेवायला सांगितले. आकडा १.००० आला. त्यांनी वजन उचलले, पुन्हा ठेवले, पुन्हा आकडा पाहिला, आणि मग निमूटपणे कांदे भरून घेतले. त्यानंतर मी प्रत्येक बाजारात तेच करू लागलो. गेलेली पडताळणीची ताकद दुसऱ्या रूपात परत दिली की विरोध फार काळ टिकत नाही, हे मी पुस्तकातून नव्हे, त्या काट्यापाशी शिकलो.

आपल्या प्रश्नाच्या शेवटी आपण विचारले आहे की, मग आज गुंठा, ब्रास, चौरस फूट यांवर सरकारने कडक बंदी आणावी का. कायदा पाहिला तर भाव किंवा प्रमाण सांगताना प्रमाणित एककेच वापरावीत अशी तरतूद २००९ च्या वैधमापनशास्त्र अधिनियमात आहेच. पण बोलण्यातील शब्दांच्या मागे लागून काही साधत नाही, असे मी निवृत्तीनंतर मोकळेपणाने म्हणू शकतो. वाळू ब्रासने मागवली तर मागवू द्यावी. शंभर घनफुटांचा तो हिशेब गवंड्याला आणि घरमालकाला दोघांनाही येतो, आणि वाद झाला तर २.८३ घनमीटर हा आकडा भांडण मिटवायला पुरेसा आहे. कागदावर मात्र सूट देऊ नये, आणि त्यातही जमिनीच्या कागदावर तर मुळीच नाही. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर आणि आर यांत असते आणि सौदा तोंडी गुंठ्यात होतो. आर म्हणजे १०० चौरस मीटर, गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, अर्थात १०१.१७ चौरस मीटर. दोन्ही इतके जवळ आहेत की लोक ते एकच समजतात, आणि दोन-चार गुंठ्यांपर्यंत ते खपूनही जाते. शंभर गुंठे आणि एक हेक्टर यांत मात्र सुमारे १,२६० चौरस फुटांचा फरक पडतो, म्हणजे एका घराची जागा. तेव्हा भाव गुंठ्यात ठरला तरी खरेदीखतात चौरस मीटर लिहून घ्यावेत, आणि ते मोजणीच्या नकाशाशी जुळतात की नाही हे सही करण्यापूर्वी स्वतः पाहावे.